माळ्यावरची जुनी इलेक्ट्रिक गिटार: आधी फ्रेट आणि नट, पिकप सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांनी 2001-02 च्या सुमारास घेतलेली, स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीच्या) आकाराची, कोरियात बनलेली गिटार बारा-तेरा वर्षं गिगबॅगमध्ये माळ्यावर पडून होती. आता काढली तर व्हॉल्यूम फिरवला की खरखर, मधला पिकप (तारांखालचं, आवाज पकडणारं चुंबकाचं वेटोळं) मेलेला, तारा इतक्या वर की बोटं कापतील, फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हिरवे पडलेत आणि व्हॅमी बार (सूर हलवायची दांडी) एकदा दाबला की सगळं बेसूर. हातात दहा हजार आहेत, त्यात भारी पिकप टाकायचे आणि काळा रंग काढून निळा मारायचा असा विचार आहे. करू का, की सरळ नवीन घेऊ?

करा. पण तुम्ही जे पहिलं धरलंय ते शेवटचं करा आणि रंगाचं तर डोक्यातनंच काढा, त्यावर खाली बोलतोच. मी पुण्यात घरच्या बाल्कनीत एका टेबलावर गेली अठरा वर्षं हे उद्योग करतोय, नोकरी वेगळीच आहे, पण शंभरेक गिटारी तरी हाताखालून गेल्या असतील आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी माझ्याकडे यायच्या आधी पिकप बदलून झालेले होते. आवाज भारी, वाजवायला दगड. तारा नटमध्ये (दांड्याच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत) अडकतायत, पाचवा फ्रेट बझ मारतोय आणि हे म्हणतात सर टोन अजून उघडत नाहीये. कसा उघडणार?

तर सगळ्यात आधी नेक, म्हणजे लांब दांडा, बघा, कारण ती गेली असेल तर बाकी कशावरच पैसे घालण्यात अर्थ नाही. गिटार आडवी धरून, बंदुकीचा नेम धरतात तसा एक डोळा मिटून, हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) बॉडीकडे फिंगरबोर्डच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीच्या, कडेकडेनं बघा. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या असतील तर काळजी नाही, ट्रस रॉडनं (नेकच्या आतल्या लोखंडी कांबीनं) सरळ होईल. एक कड वर चाललीय आणि दुसरी खाली, म्हणजे ओल्या फळीला पडतो तसा पीळ पडलाय, तर मात्र तिथंच थांबा. पीळ काढता येत नाही असं नाही, पण दहा हजारात आणि घरी नाही.

वाक मोजायला महागडं काही लागत नाही. गिटार सुरात लावायची, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा), जाड तार सतराव्या फ्रेटवर दाबायची, म्हणजे ती तारच तुमची फूटपट्टी झाली, आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघायची. पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे 0.25, पाहिजे. फीलर गेज गॅरेजवाल्याकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो घ्याच, अंदाजे काम करू नका. फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं घट्ट, फट नसेलच तर उलटा सैल. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सुरात लावून दहा मिनिटं चहा. इतकी वर्षं न हललेला रॉडचा नट आहे (तारांच्या खाचांचा नट वेगळा), म्हणून आधी थोडा सैल करा आणि मगच घट्ट करायला जा, सरळ घट्ट करायला गेलात की ॲलन की नटाचे कोपरे खाते. पान्याचा साइज बरोबर आहे ना तेही बघा, काहींना 4 मिमी लागतो, काहींना 5, आणि काही इंचातले असतात. ढिला बसणारा पाना घालून जोर लावणं म्हणजे गिटारीचं वाटोळं. हे मी एकदा करून बसलोय आणि तो नट बाहेर काढायला मला तीन रविवार लागले.

आता सफाई. तारा सगळ्या काढा (ट्रस रॉडचं मोजमाप झालं की मग). फिंगरबोर्ड काळपट-तपकिरी आणि लाकूड उघडं असेल तर तो बहुतेक रोझवुड, म्हणजे आपला शिसवच. गिटारीच्या धंद्यात ज्याला इंडियन रोझवुड म्हणतात तो डाल्बर्जिया लॅटिफोलिया, आपल्या सह्याद्रीच्या जंगलातलं झाड. फेंडरनं 1958-59 पासून रोझवुडचे फिंगरबोर्ड लावायला सुरुवात केली तेव्हा ब्राझीलचं लाकूड वापरलं जायचं, साठच्या दशकात हळूहळू भारतातलं आलं आणि मग जगभर तेच झालं. म्हणजे तुमच्या काकांच्या गिटारीतली ती पट्टी इथूनच कोरियाला जाऊन परत आलेली असू शकते. असो. तर त्यावर साचलेला काळा मळ जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं खरवडायचा, मग लायटरमध्ये भरायचं पेट्रोल मऊ फडक्यावर घेऊन पुसायचं. खिडकी उघडी, आसपास उदबत्तीसुद्धा नको. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, बॉडीवर थेंब पडला तर डाग कायमचा आणि प्लास्टिक विरघळतं ते वेगळंच. वाळलं की गिटारीसाठी मिळणारं लेमन ऑइल दोन-चार थेंब, पाच मिनिटांनी कोरडं पुसून टाकायचं. खोबरेल लावू नका. एका गृहस्थांनी आईच्या सल्ल्यानं दर रविवारी लावलेलं, गिटार माझ्याकडे आली तेव्हा खवट वास केसमधून बाहेर येत होता आणि फ्रेटखाली तेल जाऊन दोन फ्रेट हलायला लागले होते. फिंगरबोर्ड पिवळट मेपलचा आणि चकचकीत असेल तर तेल अजिबातच नको, त्यावर लॅकर असतं, नुसता ओलसर फडका पुरे.

मग इलेक्ट्रिकल. इथे एक गंमत सांगतो जी बऱ्याच जणांना माहीत नसते, गिटार उघडायच्या आधीच आत काय चाललंय ते कळतं. गिटारीला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा, एक पिन टोकाला, एक पिन दांड्याला, मीटर 20 के (किलो-ओहम) वर. आता स्विच एकेका जागी सरकवत जा. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकप जिवंत असेल तर साधारण साडेपाच ते साडेसहा के दिसेल. स्विचच्या पाच जागांपैकी दोन नंबरच्या आणि चार नंबरच्या जागेवर दोन पिकप एकत्र येतात, म्हणून तिथे आकडा निम्म्यावर, तीनच्या आसपास यायला पाहिजे. तुमच्या गिटारीत मधल्या जागेवर मीटर रेंजच्या बाहेर जाईल आणि दोन-चारवर तीनऐवजी सहा दिसेल, म्हणजे मधला खरंच सर्किटमध्ये नाही. आता तो पिकप गेलाय की स्विच गेलाय? स्विचच्या एकेका जागेला थोडं पुढेमागे हलवून बघा, आकडा उड्या मारत असेल तर स्विच. ढिम्म असेल तर पिकगार्ड (समोरची प्लास्टिकची पाटी) उघडा आणि पिकपच्या दोन वायरींवरच मीटर लावा.

पिकगार्ड उघडताना एक करा, सगळे स्क्रू एका वाटीत टाकू नका. पुठ्ठ्यावर पिकगार्डचा आकार काढा आणि जो स्क्रू जिथून काढलाय तिथेच पुठ्ठ्यात खोचा. आणि काहीही डीसोल्डर करायच्या आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो. मी करत नव्हतो, आता करतो.

समजा पिकपच मेलाय. तर फेकायच्या आधी त्याचं झाकण काढून भिंगाखाली बघा. आत बॉबिन, त्यावर हजारो वेढे, आणि ती तार 42 गेजची, म्हणजे 0.06 मिमी, केसाएवढी. बहुतेक वेळा ती मधे कुठे तुटत नाही, जिथे बाहेरच्या जाड वायरीला जोडलेली असते तिथे, अगदी कडेला, हिरवी पडून तुटते. इतकी वर्षं दमट हवेत राहिलेल्या गिटारीत तर हे हमखास. बाहेरचं टोक तुटलं असेल तर नशीब, एक वेढा हळूच सोडवायचा, तारेवर एनॅमल असतं ते गरम सोल्डरच्या थेंबात बुडवलं की सहसा जळून जातं, आणि जोडायचं. श्वास रोखून करायचं काम आहे, पंखा बंद. आतलं टोक तुटलं असेल तर मात्र सगळं उलगडावं लागतं, तो पिकप गेला म्हणायचं. गेल्या वर्षी एका मुलाचा ब्रिजजवळचा (तारा बॉडीवर टेकतात त्या घोडीजवळचा) पिकप असा जोडला, मीटरवर 5.9 दिसलं तेव्हा तो टाळ्या वाजवायला लागला, आणि त्याच आनंदात मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला तो चुंबकानं ओढून थेट कॉइलवर. पुन्हा ओपन, म्हणजे तार तुटलेली. तेव्हा लोखंडी हत्यार उघड्या पिकपपासून हातभर लांब, हा नियम माझ्या पैशानं शिकलोय, तुम्ही फुकटात घ्या.

खरखर म्हणजे पॉटमधल्या (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरमधल्या) कार्बनच्या पट्टीवरची घाण. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, पॉटच्या पायांच्या वर फट असते तिथे नळी घालून एक फवारा, आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवायचा. बहुतेकदा इथेच काम होतं. नाही झालं तर नवीन पॉट, सिंगल कॉइलला 250 के. पण मागवायच्या आधी पिकगार्डचं भोक मोजा, आशियाई गिटारींतले छोटे पॉट सुमारे 7-8 मिमीच्या भोकात बसतात आणि अमेरिकन पॉटला साडेनऊ-दहा लागतं, भोक मोठं करताना घाईत ड्रिल मारलं की पिकगार्डला तडा. गोल कानस घेऊन हातानं करा. नॉबचंही तसंच, दांड्याच्या खाचा वेगळ्या असतात, जुना नॉब नवीन पॉटवर बसेलच असं नाही. आणि आउटपुट जॅक, ज्याच्याकडे कोणी बघत नाही, तो हमखास ढिला असतो. चांगला जॅक तीन-चारशेत येतो, गिटारीवर केलेला सगळ्यात वसूल खर्च तोच.

सोल्डरिंगचं एकच सांगतो. 25 वॉटची आयर्न वायरी जोडायला ठीक, पण पॉटच्या पाठीवर ग्राउंडची वायर चिकटवायला ती कमी पडते, मग आपण ती मिनिटभर दाबून धरतो आणि आतली पट्टी भाजून निघते. 60 वॉटची, चपट्या टोकाची घ्या, पॉटची पाठ पॉलिशपेपरनं जरा घासा, तीन-चार सेकंदात सोल्डर पाण्यासारखं पसरलं पाहिजे. गोळी होऊन बसलं तर तो जोड नाहीये, नुसता दिखावा आहे. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. कपॅसिटरवर पैसे घालवू नका. टोनच्या पॉटवर 0.022 किंवा 0.047 मायक्रोफॅरडचा साधा फिल्म कपॅसिटर दहा-वीस रुपयांत येतो, तोच कपॅसिटर केशरी वेष्टनात हजाराला विकणारे आहेत, दोघांचे मायक्रोफॅरड मीटरवर सारखे भरले की कानाला फरक पडत नाही. यावर माझी लोकांशी भांडणं झालीत, होऊ देत.

हम्म असा जो सतत आवाज येतो त्याचं निदान हातानं करा. तारांना हात लावला की आवाज कमी होतो? मग ग्राउंड शाबूत आहे, शिल्डिंग कमी पडतंय. हात लावून काहीच फरक नाही? मग ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची वायर तुटलीय, मागच्या स्प्रिंगांच्या खोबणीत लोखंडी पंजा असतो त्याला ती जोडलेली असते, तिथे बघा. पण त्याही आधी तुमच्या घरातलं सॉकेट तपासा. आपल्याकडे जुन्या इमारतींत तीन भोकांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. अशा घरात तुम्ही गिटारीच्या आत सोन्याचा मुलामा दिलात तरी आवाज जाणार नाही आणि शिवाय शॉक बसायचा धोका. वायरमन बोलवा, अर्थिंग करून घ्या. ॲम्प मात्र स्वतः उघडू नका, विशेषतः व्हॉल्व्हचा असेल तर, प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट धरून बसलेला असतो.

शिल्डिंग म्हणजे कॉपर टेप, खोबणीच्या आतून आणि पिकगार्डच्या पाठीला, सगळे तुकडे एकमेकांना आणि ग्राउंडला जोडलेले, आणि जॅकची सिग्नलची पट्टी कुठेही टेपला टेकत नाही ना ते बघायचं, टेकली की आवाजच बंद. पण अपेक्षा बेतात ठेवा. ट्यूबलाइट, डिमर, मोबाइल चार्जर यांची चुरचुर कमी होते. सिंगल कॉइलची 50 हर्ट्झची घूं जात नाही, ती चुंबकीय असते, तांब्याची पट्टी तिला अडवत नाही. त्यावर खरा उपाय म्हणजे मधला पिकप उलट गुंडाळणीचा आणि उलट चुंबकाचा घेणं, मग दोन आणि चार नंबरच्या जागेवर घूं आपोआप मरते. तुम्हाला मधला नवीन घ्यावा लागला तर दुकानदाराला हेच विचारा.

आता मुख्य काम, फ्रेट. हिरवा थर म्हणजे घाम आणि दमट हवा, तो वरवरचा असतो. फिंगरबोर्डवर मास्किंग टेप लावायचा, फक्त फ्रेट उघडे, मग 1000 आणि 2000 चा पॉलिशपेपर आणि शेवटी पितळ घासायची पेस्ट. स्टील वूल वापरायचं असेल तर पिकप आधी टेपनं पूर्ण बंद करा, त्याची भुकटी चुंबकाला चिकटली की जन्मभर निघत नाही. घासून झालं की फ्रेट आरशासारखे दिसतात आणि बेंड करताना तार लोण्यातून जावी तशी जाते. ही एक गोष्ट केली तरी अर्धी गिटार नवी होते.

पण चमक आणि उंची वेगळी. जुनं कार्ड घ्या, त्याची लांब सरळ कड तीन शेजारच्या फ्रेटवर टेकेल एवढी कापून घ्या (वर जाल तसे फ्रेट जवळ येतात, म्हणून दोन-तीन मापं लागतील), आणि प्रत्येक तीन फ्रेटवर ठेवून डुलतंय का बघा. डुललं तर मधला फ्रेट उंच आहे. बोटानं दाबून तो खाली जातोय का बघा. जात असेल तर तो उंच नाही, सैल आहे, खाली फेविक्विकचा एक थेंब सुईच्या टोकानं कडेला सोडा, लाकडी गुटका ठेवून क्लॅम्प करा, आजूबाजूला आधी टेप लावलेला असू दे. माळ्यावरच्या उन्हाळ्या-पावसाळ्यानं दोन-चार फ्रेट असे सुटलेले असतातच. लोक यांना कानशीनं घासत बसतात आणि मग तो फ्रेट कायमचा बुटका होतो.

सैल फ्रेट बसवूनही उंच-सखल राहिलं तर लेव्हलिंग. नेक पूर्ण सरळ करा, सगळ्या फ्रेटच्या डोक्यावर काळ्या मार्करची रेघ मारा, एक सपाट, खरोखर सपाट दांडी घ्या (मी काचेची जाड पट्टी वापरतो, कापणाऱ्याकडून कडा घासून आणलेली), तिला 400 चा पेपर चिकटवा आणि तारांच्या दिशेनं हलक्या हातानं फिरवत राहा. जोर द्यायचा नाही, दांडीचं वजन पुरे. प्रत्येक फ्रेटवरचा काळा रंग थोडा तरी गेला की लगेच थांबायचं. आता फ्रेटची डोकी चपटी झाली, ती पुन्हा गोल करायला क्राउनिंगची कानस लागते, ती तुमच्या बजेटमधली सगळ्यात महाग वस्तू असेल, दीड-दोन हजार धरा. पुन्हा काळी रेघ, आणि कानस मारत मारत ती रेघ मधे केसाएवढी बारीक उरली की झालं. पहिल्यांदा करताना माझे दोन दिवस गेले, आता अडीच तास लागतात. फ्रेट आधीच झिजून पाऊण मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर मात्र घासू नका, ते बदलायलाच लागतील आणि ते काम जाणत्याकडे द्या.

नट. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, तार आणि फ्रेट यात कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. जास्त असेल तर पहिल्या पोझिशनचे कॉर्ड बेसूर लागतात, एफ वाजवताना हात दुखतो, आणि माणूस समजतो आपल्यालाच जमत नाही. कित्येक पोरांनी एवढ्यावरून गिटार सोडलीये. खाच खोल करायला तारेच्याच जाडीची कानस पाहिजे, दोन घासे आणि तपासणी, दोन घासे आणि तपासणी. जास्त खोल गेली तर घाबरू नका, खाचेत चिमूटभर खायचा सोडा आणि वर फेविक्विकचा थेंब, क्षणात दगड होतो, पुन्हा घासा. हा जुगाड वाटतो पण मोठे मोठे कारागीर करतात.

तुमचा नट पोकळ प्लास्टिकचा असेल, तर हाडाचा करून घ्या. मी पहिला हाडाचा नट मिरजेला करून घेतला होता, कामासाठी गेलो होतो आणि सितारमेकर गल्लीत सहज एका दुकानात शिरलो. त्यांच्याकडे हाड पडलेलंच असतं, सतारीच्या घोडीवर लावायला. त्या काकांनी इलेक्ट्रिक गिटारीला कधी हात लावला नव्हता, पण नट हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि पहिला प्रश्न विचारला की तार कुठे सुटते? म्हणजे खाचेत तार नेमकी कोणत्या बिंदूवरून मोकळी होते. खरं तर सगळं तेवढंच आहे. सतारीत जवारी काढताना घोडी अशी घासतात की तार सपाटीवर हलकी घासत राहावी आणि तो झणकार यावा. आपल्याला गिटारीत नेमकं उलट पाहिजे, खाच फ्रेटच्या बाजूला सगळ्यात उंच आणि मागे हेडस्टॉककडे उतरती, म्हणजे तार एका कडेवरून सुटते आणि झणझण होत नाही. तुमची एखादी मोकळी तार सतारीसारखी झणझणत असेल तर तिथेच जवारी निघालीय समजा.

रंग. नका. या गिटारींवर पॉलिएस्टरचा जाड थर असतो, घासून घासून हाताला फोड येतात, आणि खाली बरेचदा प्लायवुड किंवा चार तुकडे जोडलेलं लाकूड निघतं. मी माझी पहिली गिटार जुलैत गच्चीवर फर्निचरवाल्यांच्या एनसी लॅकरनं रंगवली होती, दमट हवेत लॅकर वाळताना पांढरं पडतं हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, संध्याकाळी बघतो तर गिटारीला कोड आल्यासारखे ढग. निळा रंग हवाच असेल तर पिकगार्ड बदला, हजारभरात वेगळी गिटार दिसते. काकांच्या हाताच्या खुणा आहेत त्या राहू देत.

स्क्रू धरत नसतील, पट्ट्याचं बटण किंवा पिकगार्डचे, तर भोकात फेविकॉलमध्ये बुडवलेली उदबत्तीची जळून उरलेली बांबूची काडी ठोका, रात्रभर ठेवा, सकाळी ब्लेडनं सपाट करा आणि स्क्रू पुन्हा. सागवानाच्या दारासारखा धरतो.

एवढं झालं, नव्या तारा (सुरुवातीला बारीक, 9-42 जाडीच्या) टाकल्या, की मग सेटअप. बाराव्या फ्रेटवर जाड तार 2 मिमी, बारीक तार दीड, त्याच्या आसपास. इंटोनेशन म्हणजे बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर सारखा यायला पाहिजे. दाबलेला चढा लागला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेखालचा तुकडा) मागे, उतरा लागला तर नेककडे. पिकपची उंची, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, जाड बाजूला 2 मिमी आणि बारीक बाजूला 1.6 पासून सुरू करा आणि कानानं ठरवा. स्क्रूड्रायव्हरच्या दोन फेऱ्यांत जो फरक पडतो तो कधीकधी नव्या पिकपएवढा असतो आणि फुकट असतो. हे सगळं करून महिनाभर वाजवा. तरीही आवाज पातळच वाटला तर तेव्हा पिकप घ्या, अल्निको चुंबकाचे, नक्की काय कमी आहे ते तोवर तुम्हाला कळलेलं असेल. बसवल्यावर दोन पिकप एकत्र केल्यावर आवाज नाकात बोलल्यासारखा पोकळ आला तर एकाच्या दोन वायरी उलट्या करा, बाकी काही बिघडलेलं नसतं.

खर्च म्हणाल तर तारा, स्प्रे, जॅक, पॉट, कॉपर टेप, आयर्न, मीटर, फीलर गेज, क्राउनिंगची कानस, हाडाचा नट, सगळं मिळून पाच-साडेपाच हजारात बसतं आणि त्यातली हत्यारं पुढच्या गिटारीला उरतात.

राहिला व्हॅमी बार. सहा स्क्रूंवर बसणारा ब्रिज असेल तर कडेचे दोनच स्क्रू कामाचे ठेवा, मधले चार अर्धा फेरा सैल करा, ब्रिज मोकळा डुलला पाहिजे. ब्रिजच बदलायचा म्हणत असाल तर पहिल्या आणि सहाव्या स्क्रूमधलं अंतर आधी मोजा, आशियाई गिटारींत बरेचदा 52.5 मिमी असतं आणि अमेरिकन पद्धतीच्यात 56, बिनमोजता मागवलेला ब्रिज शोकेसमध्ये ठेवावा लागतो. नटच्या खाचांत पेन्सिलचं शिसं घासा, ट्यूनरवर (म्हणजे इथे तार गुंडाळायच्या खुंट्यांवर) तारेचे दोन-तीनच वेढे, आणि नव्या तारा हातानं ओढून ओढून बसवून घ्या. सूर लावताना टिंग असा आवाज आला तर तार नटमध्ये अडकतेय, दोष ट्यूनरचा नाही, ते बदलायला धावू नका. आणि सध्या शिकताय तर ब्रिज तरंगता ठेवूच नका, मागचा पंजा स्क्रूनं आत घ्या म्हणजे ब्रिज बॉडीवर टेकून बसेल, बार फक्त खाली दाबता येईल पण सूर जागेवर राहील. त्याला तीनऐवजी पाच स्प्रिंगा लागतील. पुढे कधी हात बसला की दोन काढा, आणि त्या केसच्या खिशात ठेवा, नंतर सापडत नाहीत.